प्रयोगशाळा आणि पाडा

अकोले, जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या एकाच कण्याला बिलगून आहेत. जिल्ह्याची सीमा ओलांडली तरी डोंगर तोच, भातखाचरे तीच, आणि महादेव कोळी व ठाकर मुलांच्या अपुऱ्या पोषणाची व्यथाही तीच. अकोले तालुक्यातील राजूरच्या परिसरात या मुलांच्या पोषणाची पाहणी करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या कर्करोग-संशोधक होत्या, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा व फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी मिळविली. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. तेथे डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. संपादन केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी जोपासण्याचे तंत्र त्या शिकल्या.

परदेशातच स्थिरावणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

मूलभूत संशोधनावर पैसा खर्चावा की ग्रामीण आरोग्यावर, असा वाद आपल्याकडे नेहमी घातला जातो. मर्यादित साधनांच्या देशात तो अगदीच निरर्थक आहे असे नाही. तथापि रणदिवे यांचे आयुष्य पाहता हा पर्यायच खोटा वाटू लागतो. बालकांच्या रक्तवाहिन्यांना दाह आणणाऱ्या कावासाकी विकाराचेच उदाहरण घ्यावे. जपानमध्ये १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. कारण अद्याप निश्चित सापडलेले नाही आणि निदानासाठी एकच अशी खात्रीची रक्तचाचणीही नाही. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लालभडक जीभ, अंगावरील पुरळ यांवरूनच तो ओळखावा लागतो. पहिल्या दहा दिवसांत प्रतिपिंडांचे औषध शिरेतून दिले तर धोका पुष्कळ घटतो; एरवी सुमारे पाव मुलांच्या हृदयाच्या रोहिण्यांना इजा होते. औषध मात्र महाग आहे. कारणाचा शोध प्रयोगशाळेतच लागेल. पण भीमाशंकरच्या पायथ्याच्या पाड्यावरील तापलेले मूल वेळेत घोडेगावला पोहोचले नाही आणि तेथे लक्षण ओळखणारी नजर नसली, तर त्या शोधाचा त्याला काय उपयोग?

सूक्ष्मदर्शक आणि पायवाट ही एकाच कामाची दोन टोके आहेत. अंदाजपत्रकात ती परस्परांविरुद्ध उभी करणाऱ्यांनी परळहून राजूरला गेलेल्या या विदुषीचे स्मरण ठेवावे.