गेममध्ये विमान एका बटनावर उडतं, १९६५ ला तो निर्णय देवराष्ट्रेच्या यशवंतरावांनी घेतला होता

नौदलाच्या फायटर विमानांचा गेम खेळणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहिती असते. विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरताना विमानाच्या शेपटीचा हुक तारेत अडकला नाही, तर लगेच पुन्हा उडावं लागतं. इंधन, वेग, वारा, सगळं खऱ्यासारखं असतं. फक्त एक गोष्ट गेममध्ये नसते. विमान उडवायचं की नाही, हे ठरवणारा जमिनीवरचा माणूस.

१९६५ च्या युद्धात हा माणूस होता आपल्या मातीतला. यशवंतराव बळवंतराव चव्हाण.

१२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे गावात त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० ला सांगली झालं आणि देवराष्ट्रे सांगलीत गेलं. म्हणून आजही सातारकर आणि सांगलीकर दोघंही त्यांना आपलंच म्हणतात.

वडील लहानपणीच गेले. आई विठाईंनी हलाखीत पोरं वाढवली. शाळा कराडला झाली. १९३२ ला तिरंगा फडकवला म्हणून यशवंतरावांना तुरुंगवास झाला. पुढे कोल्हापूरला बीए, पुण्यात वकिली, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत काम, १९४६ ला आमदार आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

मुख्यमंत्री असताना त्यांच्याच काळात २३ जून १९६१ ला साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. साध्या घरातल्या पोरांनीही लष्कर, नौदल आणि हवाई दलात अधिकारी व्हावं, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका विक्रांत ब्रिटनहून मुंबईत दाखल झाली. तिच्यावर सी हॉक फायटर आणि पाणबुड्या शोधणारी अलिझे विमानं होती.

पण पुढच्याच वर्षी चीनने दणका दिला. त्या युद्धात भारताने लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र आजही अभिमानाने सांगतो.

यशवंतरावांनी खातं सावरायला घेतलं. १९६३ ला नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ ला शस्त्रांसाठी आधी अमेरिका आणि मग सोव्हिएत रशियाचा दौरा केला. अमेरिकेत असतानाच नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. अमेरिकेने हवी ती फायटर विमानं दिली नाहीत. रशियाच्या मदतीने मिग विमानांचे कारखाने मात्र उभे राहिले, त्यातला एक नाशिकजवळ ओझरला.

मग आला १ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानने रणगाडे घेऊन छांबमध्ये मुसंडी मारली. लक्ष्य होतं अखनूर. ते पडलं असतं तर राजौरी आणि पूंछकडचा रस्ता तुटला असता. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. चौधरींना विमानं हवी होती.

विमानं पाठवली तर युद्ध पेटणार आणि नाही पाठवली तर १९६२ पुन्हा होणार, असा पेच होता. मंत्रिमंडळाची बैठक होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या फळीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाइनची व्हॅम्पायर विमानं होती. पाकिस्तानच्या सेबर विमानांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. मावळत्या उजेडात आपल्याच काही तुकड्यांवरही मारा झाला. पण अखनूर पाकिस्तानच्या हाती लागलं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हवाई दलाला मिनिटांत परवानगी मिळाली, पण नौदलाला थांबवण्यात आलं. पोरबंदरच्या वर जाऊन हल्ला करायचा नाही, असा आदेश संरक्षण मंत्रालयातून गेला. सरकारला युद्ध समुद्रात वाढवायचं नव्हतं आणि इंडोनेशिया पाकिस्तानच्या बाजूने झुकल्याने अंदमानचीही काळजी होती. विक्रांत तर दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत उभी होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान फारसं झालं नाही, पण ही गोष्ट नौदलाच्या जिव्हारी लागली. नौदलप्रमुख भास्करराव सोमण हेही मराठीच. त्यांनी विरोध नोंदवला, तरी आदेश बदलला नाही.

नौदल मात्र दुर्लक्षित राहिलं नाही. त्याच वर्षी रशियाशी पाणबुड्यांचा करार झाला आणि १९६७ ला भारताची पहिली पाणबुडी कलवरी नौदलात आली. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव गाठलं, तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते.

गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळून १९७९ ला ते उपपंतप्रधान झाले. १९८३ ला पत्नी वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत यशवंतरावांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

गेममध्ये विमान पडलं की पुन्हा खेळता येतं. त्या संध्याकाळी चार विमानं गेल्यावर यशवंतरावांना तशी सोय नव्हती. पुढचे तीन आठवडे युद्ध चाललं आणि अशा प्रत्येक निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर होती.