अकरा वर्षांनी पुन्हा पहिला

१९११ मध्ये क्लॅरेन्स डीमारने बोस्टन मॅरेथॉन जिंकली, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पोटापाण्यासाठी छापखान्यात खिळे जुळवायचा. शर्यतीपूर्वी डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि हृदयाच्या ठोक्यांत त्यांना एक जादा आवाज ऐकू आला. वैद्यकीय भाषेत त्याला ‘मर्मर’ म्हणतात. पळणे लवकरच सोडावे, असा सल्ला मिळाला. पुढच्या वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो बारावा आला आणि मग शर्यतींपासून बराचसा दूर झाला. मनात हृदयाची धास्ती होतीच. शिवाय शिक्षण होते, नोकरी होती आणि स्वभावाने धार्मिक असल्याने शर्यती जिंकण्याच्या हौसेबद्दल शंकाही होती.

१९१७ मध्ये तो बोस्टनला पुन्हा उतरला आणि तिसरा आला. खरे पुनरागमन १९२२ चे. पहिल्या विजयानंतर अकरा वर्षांनी, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो पुन्हा पहिला आला! सरावासाठी वेगळा वेळ कुठून काढणार? तो घरून कामावर पळत जायचा आणि पळतच परतायचा. १९२३ आणि १९२४ चे विजयही त्याचेच. १९२४ मध्येच पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. नंतर १९२७, १९२८ आणि १९३०. शेवटच्या विजयाच्या वेळी तो ४१ वर्षांचा होता. बोस्टनचे सात विजय!

त्या काळी मर्मर ऐकू आली की संशय घ्यायचा, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आज इकोकार्डिओग्राफीत झडपा हलताना दिसतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, त्यामुळे निरोगी हृदयातही असा आवाज येऊ शकतो. मात्र तो निरुपद्रवी आहे की नाही, हे आपण घरी ठरवायचे नसते. मोठ्या खंडानंतर पळायला निघालेल्यांना आणखी एक अडचण येते. काही आठवड्यांत दम परत येऊ लागतो. स्नायूबंध आणि हाडे मात्र कित्येक महिने मागे असतात. दुखापती होतात त्या नेमक्या या काळात, कारण पळणाऱ्याला वाटत असते की आपण पूर्वीसारखे झालो.

डीमार १९५७ पर्यंत शर्यतींत पळत होता. १९५८ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांपैकी एक होते राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डीमारच्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. आतल्या भिंतींवर चरबीचे थर थोडे होतेच, पण एवढ्या रुंद नळीत रक्ताची वाट अडली नव्हती. या धमन्या पळून रुंद झाल्या, की मुळातच तशा असल्यामुळे तो इतका पळू शकला, हे मात्र एका माणसाच्या शवविच्छेदनावरून सांगता येत नाही.