कुसाबाहेरचा भक्तराज : श्रीसंत चोखामेळा

॥ रामकृष्णहरि ॥

पंढरीस आलेला वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि महाद्वाराशी येतो. तेथे नामदेवरायांची पायरी. तिच्यावर पाय पडू न देता तो माथा टेकवतो. समोरच चोखोबारायांची समाधी, तेथेही माथा टेकवतो आणि पुढे जातो. मागचा पुढच्याला ढकलत असतो, म्हणून एक गोष्ट मनात यायला उसंतच मिळत नाही. नामदेवराय पायरीशी राहिले ते आपल्या इच्छेने, संतांच्या चरणांची धूळ मस्तकी पडावी म्हणून. चोखोबाराय दाराबाहेर राहिले ते काही आपल्या इच्छेने नव्हे. त्यांना आत कोणी येऊच दिले नाही. दोन्ही ठिकाणी आपण सारखेच वाकतो, पण दोन्ही ठिकाणची हकिकत सारखी नाही. ती आज सांगावयाची आहे.

चोखोबांचे जन्मस्थान म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजाचे नाव परंपरेने सांगितले जाते. त्यांचा संसार मात्र झाला तो आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यास. मंगळवेढे म्हणजे संतांचे माहेर. पुढे दामाजीपंत आणि कान्होपात्रा होऊन गेल्या त्याही याच गावी. चोखोबांच्याही आधी कलचुरी राजांनी येथे राजधानी केली होती, म्हणजे गाव जुने आणि नांदते. गावाभोवती दगडमातीचे कूस होते. कुसाच्या आत चावडी, देवळे, सावकारांचे वाडे. कुसाच्या बाहेर महारवाडा, आणि तेथे चोखोबांचे खोपटे.

महाराची कामे कोणती? वेशीवर राखण करायची. सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावायचे. मेलेले ढोर ओढायचे. चावडीवरून हाक आली की वेठीला जायचे. वेठ म्हणजे ज्याला मजुरी नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असे काम. गावाचे दार राखणारा माणूस गावातच शिरताना अंग चोरून शिरणार, अशी ती सारी रीत.

तो काळ देवगिरीच्या यादवांच्या अखेरीचा. पंढरीच्या मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, तो शके ११९५ ते ११९९ या वर्षांतला, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ मधला. देवाला दाने देणाऱ्यांची नावे त्यात कोरलेली आहेत. राजा रामदेवराय आणि त्यांचे करणाधिप हेमाद्री पंडित यांचीही नावे त्यात आहेत. याच हेमाद्रींचा चतुर्वर्गचिंतामणी आम्ही पाठशाळेत असताना मोठ्या आदराने हाताळला. व्रते किती, दाने किती, श्राद्धाचे काल कोणते, सारे त्यात मोजून मांडलेले. विद्वत्तेला तोड नाही. परंतु, वाचकहो, एवढ्या थोर ग्रंथात, एवढ्या थोर दरबारात आणि एवढ्या थोर देवळात कुसाबाहेरच्या माणसाने देवाजवळ कसे जावे याची वाट कोणी दाखवली नाही. राजाचे दान दगडावर राहिले. चोखोबांचे नाव दगडावर आले ते मरणानंतर.

अशा वेळी नामदेवरायांनी वाळवंटात कीर्तन उभे केले. मंगळवेढ्याहून पंढरी सात-आठ कोस. चोखोबा चालत यायचे, कीर्तनाच्या कडेला उभे राहायचे. नामदेवरायांनी त्यांना कडेवरून उचलून मध्ये आणले, शिष्य म्हणून पोटाशी धरले. आपला संप्रदाय जन्मला तो असा उघड्यावर. वाळवंटाला दार नाही, म्हणून तेथे दारवानही नाही. देऊळ ज्यांच्या हाती होते त्यांनी जे केले नाही ते नदीच्या वाळूने केले.

पण वाळवंटातून वर आले की दार होतेच. आणि त्या दाराशी काय झाले, त्याची कथा महिपतीबाबांपासून आजपर्यंतचे सगळे कीर्तनकार सांगत आले. कथा अशी की, एके रात्री देवाने चोखोबांना हाताला धरून गाभाऱ्यात नेले आणि आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी बडव्यांनी पाहिले तर देवाच्या गळ्यात हार नाही. शोध झाला, हार चोखोबांपाशी सापडला, आणि शिक्षा ठरली की याला बैलांच्या पायांशी बांधून ओढावे. बैल हाकले, चाबूक मारले, तरी बैल जागचे हलले नाहीत. देव स्वतः शिंगे धरून उभा होता.

येथे श्रोते टाळ्या वाजवतात, आम्ही गजर करतो आणि पुढच्या कथेकडे वळतो. पण थोडे थांबा. त्या निवाड्याकडे पाहा. फिर्यादी कोण? देवळाचे धनी. साक्षीदार कोण? तेच. निवाडा करणारे कोण? तेच. आरोपीला विचारले काय, त्याने सांगितले काय, याची कोणाला पर्वा नाही. हार सापडला, जात ठाऊक आहे, मग विचारायचे ते काय? देवाला स्वतः येऊन बैल अडवावे लागले, यात देवाची थोरवी आहेच. पण माणसांच्या न्यायसभेत एकही माणूस चोखोबांच्या बाजूने उभा राहिला नाही, हे त्या थोरवीच्या आड झाकले जाते. लोकांनी ही कथा सातशे वर्षे जपली ती उगीच नव्हे. गरिबाचा न्याय चावडीवर होत नाही, तो झाला तर देवाच्याच हातून होतो, असे लोकांचे जे अनुभवाचे म्हणणे, तेच या कथेत बसले आहे.

चोखोबांनी स्वतः हे लपविले नाही. बडव्यांनी मारले त्याची तक्रार त्यांनी अभंगातून सरळ विठोबापाशी नेली आहे. पुढे त्यांना पंढरीतून घालवले तेव्हा त्यांनी नदीपलीकडे दीपमाळ उभारली आणि तेथून कळसाला हात जोडले, असे चरित्रकार सांगतात. दार बंद झाले तर कळस पाहावा. पण दारवानाने हाकलले म्हणून घराच्या धन्याशी वैर धरू नये. चोखोबांचा अविश्वास होता तो राखणदारांवर. देवावरचा त्यांचा विश्वास कधी हलला नाही.

त्यांचे सारे घरच अभंगवाणीचे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. चोखोबांचे सुमारे साडेतीनशे अभंग आज मिळतात. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने ते लिहून घेतले असे परंपरा सांगते. ही गोष्टही मनात ठेवावी. ज्याला लिहिता येत होते त्याने आपली लेखणी दुसऱ्याच्या शब्दाला दिली. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हा शास्त्र शिकलेल्यांना अजून सुचलेला नाही.

सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न मांडला. देह ज्यातून घडतो त्यालाच विटाळ म्हणायचे, तर मग सोवळा देह कोणाचा, हा त्यांचा रोख. शास्त्र्यांपाशी त्याला उत्तर नव्हते, आजही नाही. चोखोबा आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात आणि मनाची समजूत घालतात. कर्ममेळ्याची मात्र समजूत पटत नाही. असा जन्म का दिलास, म्हणून तो देवालाच जाब विचारतो. बाप सोसतो, आई प्रश्न करते, मुलगा भांडतो. एका घरात, एकाच विठ्ठलाच्या पायाशी, हे तिन्ही झाले आणि तिन्ही वाण्या आपल्या संप्रदायाने जपल्या. भांडणाऱ्याला पाखंडी म्हणण्यापूर्वी कर्ममेळ्याचे अभंग वाचावेत, एवढेच म्हणतो.

आता शेवट. यादवांचे राज्य बुडून वीस वर्षे झाली होती, दिल्लीच्या तुघलकांचा अंमल होता. राजे बदलले, वेठ बदलली नाही. मंगळवेढ्याच्या कुसाच्या डागडुजीसाठी महारांना बोलावणे आले, त्यात चोखोबाही गेले. काम चालू असता कूस कोसळले आणि कित्येक माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. चोखोबाही त्यांत गेले. ती शके १२६०, वैशाख वद्य पंचमी, इ.स. १३३८. ज्या कुसाने त्यांना जन्मभर बाहेर ठेवले, तेच बांधता बांधता ते त्याच्याखाली गेले.

नामदेवराय मंगळवेढ्यास आले. ढिगारा उपसला तेव्हा हाडेच हाती लागली. त्यांतली चोखोबांची कोणती? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती नामदेवरायांनी वेचून घेतली, पंढरीस आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

ही कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. काही वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका गावी चोखोबांच्या पुण्यतिथीचे कीर्तन झाले. हाडांतून नाम आले येथे मंडप गहिवरला. आरती झाल्यावर एक म्हातारी माय जवळ आली, पाया पडली आणि तिने विचारले की महाराज, चोखोबांच्या हाडांची ओळख पटली, बरे झाले. पण त्यांच्याबरोबर जे बाकीचे मेले त्यांच्या हाडांचे काय केले, आणि त्यांना त्या भिंतीखाली धाडणाऱ्याला कोणी काही विचारले का? मी न्याय, व्याकरण शिकलेला माणूस. मला उत्तर देता आले नाही. पाठशाळेत मला हेत्वाभास ओळखायला शिकवले होते. पण माझ्याच कथेत एवढे भोक आहे हे मला एका निरक्षर माउलीने दाखवले. चमत्काराच्या गजरात मी वेठ गिळून टाकत होतो. तेव्हापासून मी कथा बदललेली नाही. फक्त कूस पडते तेथे गजर करीत नाही. थोडा वेळ गप्प राहतो.

समाधी झाली, पण पुढे काय झाले तेही ऐका. जी समाधी नामदेवरायांनी प्रेमाने दाराशी बांधली, तीच पुढच्यांनी सीमा केली. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांनी चोखोबांच्या समाधीपर्यंतच यावे, त्यापुढे नाही, असा दंडक शतकानुशतके चालला. आपणही टाळ वाजवत त्यांच्या शेजारून आत गेलो. हे सांगताना जीभ जड होते, पण न सांगणे अधिक वाईट. गाडगेमहाराजांनी पंढरीत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरीस तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. काही शास्त्रीमंडळींनी विरोध केला. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या देहान्तापासून मोजले तर सहाशे नऊ वर्षे लागली.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. परंतु १९५६ साली त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पंढरीची वाट सोडली. काही वारकरी अजून विचारतात की चोखोबांची माणसे चोखोबांना का विसरली? मला वाटते प्रश्न उलटा करावा. जे दार सहाशे वर्षे उघडले नाही, ते एके दिवशी उघडले म्हणून माणसाने धावत यावे काय? विश्वास तुटायला एक चाबूक पुरतो. तो जुळायला किती पिढ्या लागतील, हे ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानेच ठरवायचे.

मंदिराच्या कारभाराचीही तीच गत. यात्रेकरूंच्या तक्रारी वाढल्या, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा होऊन बडवे, उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क संपविले गेले. त्यावर कज्जे चालले ते थेट जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत. चाळीस वर्षे! निकाल चांगला लागला, पण तोवर पायरीशी वाट पाहणाऱ्या किती माउली देवाघरी गेल्या. म्हणून साध्या माणसाला कोर्टाचे, देवळाचे, पंडितांचे नाव काढले की भरवसा वाटत नाही. त्याला अडाणी म्हणून दोष देऊ नये. त्याच्या ठिकाणी शहाणपण आहे, फक्त ते दुखऱ्या अनुभवातून आलेले आहे.

आणि आपण कीर्तनकार, फडकरी, मठाधिपती, आपणही आता एक दारच झालो आहोत, हे विसरू नये. आपल्या दाराशी कोण उभे आहे, त्याला आपण कडेवरून मध्ये आणतो की त्याच्यासमोर नुसता गजर करतो, एवढे ज्याने त्याने पाहावे.

यंदा आषाढीला महाद्वाराशी जाल तेव्हा मागून कितीही रेटा येवो, चोखोबांच्या समाधीपुढे दोन क्षण अधिक थांबा. एक क्षण त्यांच्यासाठी, आणि एक त्या भिंतीखाली राहिलेल्या, ज्यांची हाडे कोणी वेचली नाहीत, त्यांच्यासाठी.

॥ पुंडलिकवरदा हरिविठ्ठल ॥