सोन्याच्या नाण्यावरील संत हेलेना

रोमन काळातील सोन्याचे नाणे समोर आले, तर त्यावरची राणी कोण, हे कसे ओळखावे? चेहऱ्यावरून ओळखणे कठीणच, कारण टांकसाळीतले कारागीर बहुतेक राण्यांची मुद्रा एकाच धाटणीची कोरत. म्हणून आपण कडेची अक्षरे वाचू या. तेथे फ्लाविया हेलेना ऑगस्टा असे असेल, तर ती आपली संत हेलेना, सम्राट कॉन्स्टंटाईनची आई.

अक्षरे झिजली असतील तर नाणे उलटे करावे. हेलेनाच्या नाण्यामागे हातातील डहाळी खाली धरून उभी असलेली स्त्री असते. ती राज्याच्या सुरक्षिततेचे प्रतीक. तिची सून फाउस्टा हिच्या त्याच काळातील नाण्यामागे मात्र दोन बाळांना घेतलेली स्त्री दिसते. अगदी तळाशी टांकसाळीची खूण असते. सॉलिडस नावाचे हे नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे. एका रोमन पौंड सोन्यात अशी ७२ नाणी पाडीत.

ह्या सोन्यापर्यंत हेलेना पोहोचली ती फार वळणाने. तिचा जन्म इ.स. २५०च्या सुमारास, बहुधा आजच्या तुर्कस्तानातील ड्रेपानम गावी झाला. संत अंब्रोज ह्यांनी ३९५ साली सांगितले, की ती धर्मशाळेत काम करणारी होती. कॉन्स्टान्शियस ह्या लष्करी अधिकाऱ्यापासून तिला मुलगा झाला. पुढे अधिकाऱ्याचे भाग्य उजळले, तशी त्याने सम्राट मॅक्सिमियनच्या घरातील थिओडोरा केली आणि हेलेनाला दूर सारले. त्यानंतरच्या वर्षांत तिचे नाव कोठेही ऐकू येत नाही.

३०६ साली मुलगा सम्राट झाला. ३२४ साली त्याने आईला ऑगस्टा ही पदवी दिली. तिची मुद्रा सोन्याच्या नाण्यांवर उमटवली, हे बिशप युसेबियस ह्यांनी मुद्दाम नोंदवले आहे. टाकून दिलेल्या बाईचा हा मान साधा नव्हता.

पण राजवाड्यात सुख नव्हते. ३२६ साली कॉन्स्टंटाईनने आपला थोरला मुलगा क्रिस्पस ह्याला ठार करविले आणि पाठोपाठ फाउस्टाचाही अंत झाला. तिची नाणी मग थांबली. नातू गमावलेली ही म्हातारी त्यानंतर पुण्यभूमीच्या यात्रेला निघाली. बेथलेहेम येथे आणि ऑलिव्ह डोंगरावर तिने ख्रिस्तमंदिरे उभारविली, गोरगरिबांना हात सैल सोडून दानधर्म केला. पवित्र क्रूस तिला सापडल्याची परंपरा आपण सारे जाणतो. युसेबियस मात्र त्याबद्दल काहीच लिहीत नाहीत, ती कथा चौथ्या शतकाच्या अखेरीस लिखाणात येते.

सुमारे ऐंशी वर्षांची होऊन, ३३०च्या आसपास, मुलाच्या सान्निध्यात तिने प्राण सोडला. रोममध्ये तिला पुरले. तिची लाल पाषाणाची शवपेटी व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर घोडेस्वार आणि युद्धकैदी कोरलेले आहेत. मुळात ती एखाद्या सम्राटासाठीच घडवली असावी, असे वाटते.

३३७ साली कॉन्स्टंटाईन वारल्यावर त्याच्या मुलांनी आजीच्या नावे लहानशी तांब्याची नाणी पाडली. सोन्याची दुर्मीळ, ही मात्र पुष्कळ सापडतात. आणि नवल असे, की त्याच वर्षांत, त्याच टांकसाळींतून थिओडोराच्या नावाचीही नाणी बाहेर पडली.