गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधणारे आघारकर, आणि नकाशावरचा माझा चुकलेला ठिपका

मी पोलादपूरचा. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर. तिथून आमची सावित्री पश्चिमेला महाडकडे उतरते आणि कोयना घाटामागे साताऱ्याच्या बाजूला जाते. मध्ये फक्त एक डोंगररांग. नद्यांमधल्या बारीक जीवांच्या जुन्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरताना याच डोंगररांगेने माझा पोपट केला, आणि त्यातूनच मला आघारकर नीट कळले.

शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले. (गोपाळ गणेश आगरकर वेगळे! गंमत म्हणजे पुण्यात आघारकरांची संस्था आगरकरांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. सर्च करताना हमखास गोंधळ होतो.) मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना ते सह्याद्रीत भटकून नमुने गोळा करायचे. माणूस मुळात वनस्पतींचा, पण साताऱ्याकडे, कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना सापडली चक्क जेलीफिश. समुद्रात नाही, डोंगरातल्या गोड्या पाण्यात. तिचे भाऊबंद तोवर आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या सरोवरांतून माहीत होते, म्हणून ही बातमी मोठी ठरली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनन्डेल यांनी १९११ मध्ये तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी आघारकरांनी ग्रेव्हली यांच्यासोबत ती कुठे कुठे आढळते आणि कशी राहते यावर लेख लिहिला. अशा जेलीफिशची छत्री डोळ्यांना दिसते, पण त्याआधीची, तळाशी चिकटून राहणारी पॉलिप अवस्था बघायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

आता माझी चूक सांगतो. आढळाच्या नोंदीत चार गोष्टी लागतातच: कोणता जीव, कुठे, कधी आणि कोणाला सापडला. १९११ मध्ये जीपीएस कुठलं? मग आपण जुन्या वर्णनावरून अक्षांश-रेखांश काढतो आणि सोबत किती मीटर इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहितो. मी हा दुसरा रकाना रिकामा ठेवला आणि ठिपका अंदाजाने टाकला. तो पडला डोंगराच्या अलीकडे, पोलादपूर तालुक्यात! म्हणजे मी बसल्याजागी सावित्रीत जेलीफिश सोडली. अशी नोंद जीबीआयएफसारख्या जागतिक डेटाबेसमध्ये गेली, की पुढचा अभ्यासक ती खरी धरून चालणार.

आघारकरांचं पुढचं आयुष्यही साधं नव्हतं. ते शिकायला जर्मनीला गेले, पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश प्रजा म्हणून तिथे त्यांना नजरकैदेत राहावं लागलं. तरी १९१९ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेतलीच. नंतर १९४६ पर्यंत ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर आराम करायचा, तर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये वारले तोवर ती चालवली. १९९२ पासून तिथल्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे.

ते गेल्यावर काही वर्षांतच कोयनेच्या खोऱ्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. त्यामुळे तिथे आजचा गुगल मॅप बघून जुना ठिपका टाकायचा म्हणजे बऱ्याचदा थेट धरणाच्या पाण्यात. मी ठिपका घाटापलीकडे नेला, अनिश्चिततेचा रकाना भरला आणि शेऱ्यात लिहिलं: फक्त पूर्ववाहिनी नद्या. सावित्रीचा रकाना कोराच ठेवलाय. कोरा म्हणजे नोंद नाही, एवढंच. उन्हाळ्यात पाणी डोहांपुरतं उरलं, की बरणी घेऊन उतरणार आहे.