ॲडम ऑस्बोर्न

ॲडम ऑस्बोर्न (६ मार्च १९३९ – १८ मार्च २००३) हे ब्रिटिश-अमेरिकन लेखक, प्रकाशक आणि संगणक उद्योजक होते. बाजारात मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला सुवाह्य संगणक, 'ऑस्बोर्न १', त्यांच्या कंपनीने १९८१ मध्ये आणला. संगणक घेणाऱ्याला यंत्र, पडदा, कळफलक, फ्लॉपी ड्राइव्ह आणि उपयुक्त आज्ञावल्या या सर्व गोष्टी एकाच किमतीत मिळाव्यात, ही कल्पना त्यांनी यशस्वी करून दाखवली. त्यांची कंपनी जितक्या वेगाने वाढली तितक्याच वेगाने बुडाली. आज मात्र त्यांचे नाव यंत्रापेक्षा 'ऑस्बोर्न परिणाम' या व्यापारशास्त्रातील संज्ञेमुळे अधिक घेतले जाते. त्यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि त्यांचे निधनही तेथेच झाले.

== बालपण आणि शिक्षण ==

ऑस्बोर्न यांचा जन्म बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे इंग्रज असून बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत. आई पोलिश होती. दुसऱ्या महायुद्धाचे सावट आग्नेय आशियावर पसरू लागले तेव्हा आई मुलांसह तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमाजवळ राहावयास आली. वडील मात्र बँकॉकमध्ये अडकले आणि जपानी सैन्याच्या नजरकैदेत त्यांना युद्ध संपेपर्यंत राहावे लागले. सुटकेनंतर तेही तिरुवण्णामलैला आले. पुढे त्यांनी रमण महर्षींवर लिहिलेली पुस्तके आणि १९६४ मध्ये सुरू केलेले 'द माउंटन पाथ' हे नियतकालिक यांमुळे महर्षींचे विचार पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचले. म्हणजे मराठी वाचकाला या कुटुंबाचा परिचय असलाच, तर तो बहुधा मुलामुळे नव्हे, वडिलांमुळे असतो.

आश्रमाच्या परिसरात वाढलेला ॲडम लहानपणी तमिळ सहज बोलत असे. त्यांचे प्राथमिक शिक्षण कोडाईकनाल येथे झाले. वयाच्या अकराव्या वर्षी, १९५० मध्ये, ते इंग्लंडला गेले. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्यानंतर अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत त्यांनी काही काळ नोकरी केली; पण मोठ्या कंपनीच्या शिस्तीत ते रमले नाहीत.

== लेखन आणि प्रकाशन ==

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी ऑस्बोर्न यांनी तांत्रिक लेखनाचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास सूक्ष्मप्रक्रियक बाजारात येऊ लागले होते. या नव्या वस्तूविषयी सामान्य माणसाला समजेल असे पुस्तक जवळजवळ नव्हते. उत्पादकांची माहितीपत्रके अभियंत्यांसाठीच असत. ऑस्बोर्न यांनी सूक्ष्मसंगणकांची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. प्रकाशकाने ते नाकारल्यावर त्यांनी ते स्वतःच छापले आणि त्याच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कॅलिफोर्नियातील हौशी संगणकप्रेमींच्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या सभांना ते पुस्तकांचे खोके घेऊन जात आणि तेथेच विक्री करीत. त्यांनी उभारलेली प्रकाशन संस्था मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशकाने १९७९ मध्ये विकत घेतली.

याच काळात ते संगणकविषयक नियतकालिकांत स्तंभलेखन करीत. संगणकाच्या किमती, अपुरी माहिती आणि उत्पादकांनी न पाळलेली आश्वासने यांवर ते कठोर टीका करीत. इतरांच्या यंत्रांचे दोष दाखवणाऱ्या या लेखकाने पुढे स्वतःच यंत्र बनवावयास घेतले.

== ऑस्बोर्न १ ==

त्या काळी घरासाठी संगणक घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. मूळ यंत्र एका किमतीत मिळे. पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह, अधिकची स्मृती यांचे पैसे वेगळे पडत. ते सारे जोडून झाल्यावर पत्र लिहावयाचे वा हिशेब करावयाचे तर त्यासाठीची आज्ञावली पुन्हा वेगळी विकत घ्यावी लागे. तिची किंमतही काहीशे डॉलर असे. एक वस्तू दुसरीशी जुळली नाही तर दोष कोणाचा, हा वाद ग्राहकाच्या माथी येई.

ऑस्बोर्न यांनी हा प्रश्न ग्राहकाच्या बाजूने पाहिला. होमब्रू क्लबमधील नावाजलेले अभियंते ली फेल्सनस्टाइन यांच्याकडे त्यांनी यंत्राची रचना सोपवली. विमानातील आसनाखाली मावेल अशी एकच पेटी हवी, ही मुख्य अट होती. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर' या प्रदर्शनात 'ऑस्बोर्न १' प्रथम मांडला गेला. किंमत होती १,७९५ डॉलर.

बंद केलेली पेटी हातशिलाई यंत्राच्या पेटीसारखी दिसे. वजन सुमारे ११ किलो. झाकण काढले की तेच कळफलक होई. आत ५ इंची पडदा, त्याच्या दोन बाजूंना दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि खाली फ्लॉपी ठेवण्यासाठी दोन कप्पे असत. झेड-८० हा सूक्ष्मप्रक्रियक आणि ६४ किलोबाइट स्मृती होती. यंत्रासोबत सीपी/एम ही कार्यप्रणाली, लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि आज्ञावली लिहिण्यासाठी बेसिक भाषेची दोन रूपे मिळत. या आज्ञावल्या सुट्या घेतल्या असत्या तर त्यांनाच सुमारे १,५०० डॉलर पडले असते. म्हणजे त्या घेणाऱ्याला यंत्र जवळजवळ फुकटच पडे.

यंत्र वापरताना अडचणीही होत्या. पडद्यावर एका ओळीत केवळ ५२ अक्षरे दिसत. टंकलिखित पत्राची पूर्ण ओळ त्यात मावत नसे. ती वाचण्यासाठी पडद्यावरील मजकूर डावीकडे-उजवीकडे सरकवावा लागे. त्यामुळे घरी असताना बाहेरून मोठा पडदा जोडून काम करणेच अनेकांना सोयीचे वाटे. मूळ यंत्रात बॅटरी नव्हती; ते विमानात आसनाखाली बसे, पण विजेच्या जोडणीवाचून चालत नसे. अकरा किलोचे ओझे घेऊन फिरण्यास सुवाह्य म्हणणे हा शब्दाचा सैल वापरच म्हणावा लागेल. तरीही लेखक, पत्रकार, छोटे व्यावसायिक यांनी हे यंत्र उचलून धरले. भराच्या काळात महिन्याला १०,००० पर्यंत संगणक विकले गेले.

== दिवाळखोरी आणि 'ऑस्बोर्न परिणाम' ==

यशाबरोबर स्पर्धकही आले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला. १९८२ मध्ये 'केप्रो २' हे यंत्र तेवढ्याच, म्हणजे १,७९५ डॉलर किमतीत, ९ इंची पडदा आणि पूर्ण ८० अक्षरांची ओळ घेऊन आले. ऑस्बोर्न १ मधील नेमकी उणीव त्यात भरून निघाली होती.

१९८३ च्या प्रारंभी ऑस्बोर्न यांनी 'एक्झिक्युटिव्ह' या पुढील यंत्राची वाच्यता केली. त्यात ७ इंची पडदा आणि ८० अक्षरांची ओळ असणार होती. प्रचलित हकीकत अशी की, नवे यंत्र येणार हे कळताच दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या रद्द केल्या, माल पडून राहिला, नवे यंत्र वेळेवर हाती आले नाही आणि कंपनीकडे रोकड उरली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पहिले यंत्र प्रदर्शनात मांडल्यापासून तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. नव्या वस्तूची वेळेआधी घोषणा केल्यामुळे चालू वस्तूची विक्री खुंटणे यास तेव्हापासून 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात.

ही हकीकत सर्वांना मान्य नाही. एक्झिक्युटिव्हची किंमत २,४९५ डॉलर होती. तेव्हा जुन्या यंत्राचा ग्राहक त्याच्यासाठी थांबला असेल, यापेक्षा तो त्याच किमतीच्या केप्रोकडे वळला असेल, हे अधिक संभवनीय दिसते. आयबीएमच्या यंत्राशी जुळणारे संगणक हवेत अशी मागणीही वाढत होती आणि ऑस्बोर्नची यंत्रे तशी नव्हती. अतिवेगाने वाढलेल्या कंपनीतील ढिसाळ हिशेब हेही एक कारण सांगितले जाते. एका वाक्याने कंपनी बुडाली ही कथा सांगण्यास सोपी असल्यामुळेच ती टिकली असावी.

ग्राहकाच्या मनातील दुविधा मात्र खरीच आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतरच्या काळात मालेगावसारख्या गावांतील मध्यमवर्गीय घरांत संगणक येऊ लागले, तेव्हा सीपीयू, मॉनिटर, यूपीएस, प्रिंटर यांच्या किमतींची बेरीज करीत आताच घ्यावा की पुढचा प्रोसेसर येईपर्यंत थांबावे, हा विचार घरोघरी होत असे. सुटे भाग जुळवून दिलेल्या त्या संगणकांची रीत ऑस्बोर्न यांच्या एका पेटीच्या अगदी उलट होती.

== पेपरबॅक सॉफ्टवेअर ==

कंपनीच्या उदयास्ताची कहाणी ऑस्बोर्न यांनी जॉन ड्वोरॅक यांच्यासह 'हायपरग्रोथ' या पुस्तकात १९८४ मध्ये लिहिली. त्याच वर्षी त्यांनी 'पेपरबॅक सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली. कागदी बांधणीच्या पुस्तकाप्रमाणे आज्ञावलीही स्वस्त असावी, हे तिच्या नावामागील सूत्र. 'व्हीपी-प्लॅनर' ही तिची हिशेबाची आज्ञावली १०० डॉलरपेक्षा कमी किमतीत मिळे. लोटस कंपनीची '१-२-३' ही प्रसिद्ध आज्ञावली त्याहून कितीतरी महाग होती. व्हीपी-प्लॅनरमधील सूची आणि आज्ञा लोटसप्रमाणेच ठेवल्या होत्या, म्हणजे वापरणाऱ्याला नव्याने शिकावे लागू नये.

लोटसने १९८७ मध्ये स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा लावला. दाव्यामुळे गुंतवणूकदार आणि ग्राहक दोघेही बिचकले. १९९० मध्ये निकाल लोटसच्या बाजूने लागला आणि ऑस्बोर्न व्यवसायातून बाहेर पडले. पुढे बोर्लंड कंपनीविरुद्धच्या तशाच खटल्यात अपील न्यायालयाने १९९५ मध्ये आज्ञांच्या सूचीवर असा हक्क सांगता येत नाही असा निर्णय दिला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने तो कायम राहिला. ऑस्बोर्न यांना त्याचा उपयोग होण्याची वेळ तोवर टळली होती.

== अखेरची वर्षे ==

मेंदूच्या विकारामुळे ऑस्बोर्न यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना वारंवार पक्षाघाताचे लहान झटके येऊ लागले. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि शाळकरी वयात जेथे शिकले त्या कोडाईकनालमध्ये बहिणीकडे राहू लागले. तेथेच १८ मार्च २००३ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी झोपेत त्यांचे निधन झाले.