विश्लेषण : बाळू पालवणकर कर्णधार का झाले नाहीत?

पुण्यात युरोपियनांच्या क्लबमध्ये महिना ४ रुपये पगारावर खेळपट्टी राखणारे बाळू पालवणकर (१८७६-१९५५) पुढे देशातले आघाडीचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करतानाच त्यांचा हात तयार झाला; बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच दिली गेली. गुणवत्तेमुळे हिंदू संघाने त्यांना घेतले. पण ते चर्मकार समाजातले. त्यामुळे मैदानात सोबत खेळणारे चहाच्या वेळी त्यांना वेगळे ठेवत. चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. तो मान १९२३मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.